वाचक विचारतात : दहशतीचं मरण आणि भक्ताचं काम

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली. दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच ३ मेच्या पहाटे आपल्या गोव्यातल्या शिरगावात लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले. एक मरण ठरवून घडवलेलं, दुसरं गर्दीतून आलेलं. पण पत्रं लिहिणाऱ्यांच्या मनात दोन्ही एकमेकांत मिसळली आहेत, म्हणून या वेळी निवडक पत्रांना एकत्रच उत्तरं देत आहोत. विधींबद्दल जे लिहिलं आहे ते सर्वसाधारण परंपरेला धरून आहे. तुमच्या घराण्याचा कुलाचार वेगळा असेल तर तोच आधी.

रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतो. पहलगामपासून मध्येच मारेकऱ्यांबद्दल असा संताप उसळतो की कुठली ओळ चालली आहे तेही कळत नाही. गीता म्हणते भक्त 'अद्वेष्टा सर्वभूतानाम्', कुणाचाच द्वेष न करणारा असावा. मग मी भक्त नाहीच का?
— एक वाचक, म्हार्दोळ

संताप आला म्हणून भक्ती गेली, असं होत नाही. निरपराध माणूस मारलेला पाहून ज्याच्या पोटात काहीच हलत नाही, त्याला आम्ही स्थितप्रज्ञ म्हणणार नाही. बाराव्या अध्यायातला तो श्लोक ज्याला सांगितला तो अर्जुन रणात रथावर उभा होता, आणि सांगणाऱ्यानं त्याला रथातून खाली उतरवलं नाही. त्याच गीतेत तिसऱ्या अध्यायात 'युध्यस्व विगतज्वरः' आहे. लढ, पण अंगातला ताप उतरवून लढ.

तुकोबांनी तर दयेतच दोन्ही बाजू घातल्या : 'दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दाळण कंटकांचें'. ही ओळ हल्ला झाला की सगळीकडे फिरते. त्याच अभंगात पुढे पाप कशाला म्हणायचं तेही आहे : 'पाप त्याचें नांव न विचारितां नीत । भलतेंचि उन्मत्त करी सदा'. ती कुणी फिरवत नाही. दोन्ही ओळी एकत्र पाठ करा, कारण पहिली एकटी घेतली की माणूस दुसरीत जाऊन पडतो.

नीत म्हणजे काय, याचं उत्तर धर्मशास्त्रात बरंच नेमकं आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन लुटणारा, जमीन बळकावणारा आणि दुसऱ्याची बायको पळवणारा हे सहा आततायी. चालून येणाऱ्या आततायीला मारण्यात दोष नाही, असं मनुस्मृती सांगते. एकदा हाती सापडला की मात्र तो राजदंडाचा विषय. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलत कसाबची रायफल धरून ठेवली आणि तो जिवंत सापडला. पुढे खटला, अपील, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी. भूतांचं पाळण आणि कंटकाचं निर्दाळण, दोन्ही नीत विचारून झालं.

महाभारतातला सर्वांत काळा हल्ला अश्वत्थाम्याचा आहे. रात्री छावणीत शिरून त्यानं झोपलेल्यांना मारलं, त्यात द्रौपदीचे पाचही मुलगे गेले. भागवताच्या पहिल्या स्कंधात (अध्याय ७) अर्जुन त्याला बांधून आणतो, तेव्हा द्रौपदी म्हणते, सोडा याला, मी रडते आहे तशी याची आई रडायला नको. भीम म्हणतो, मारा. शेवटी अर्जुन त्याच्या मस्तकावरचा मणी केसांसकट कापून घेतो आणि त्याला हाकलून देतो. त्याची शक्ती काढून घेतली, शिक्षाही झाली, आणि द्रौपदीचं मन मात्र विषारी झालं नाही. इथे एक सांगायलाच हवं. ज्यांचं माणूस गेलं आहे त्यांनी द्रौपदीसारखं बोलावं, अशी अपेक्षा बाहेरच्या कुणीही ठेवू नये. क्षमा ही दुसऱ्याकडून वसूल करायची गोष्ट नाही.

आणि जनमेजय आठवा. बाप तक्षकाच्या दंशानं गेला म्हणून त्यानं सगळी सर्पजातच आगीत होमायला घेतली. आस्तिकानं ते सत्र थांबवलं. एखाद्या धर्माची, प्रांताची सगळीच माणसं तुमच्या मनात गुन्हेगार ठरू लागली की समजा, आपण सर्पसत्राला बसलो आहोत. बैसरनच्या २६ मृतांत पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता.

आता हरिपाठाचं. मनातल्या मनात म्हणू नका, मोठ्यानं म्हणा, टाळ असेल तर टाळ हातात घ्या. मन सटकलं की ओळीवर बोट ठेवा आणि तीच ओळ तीनदा म्हणून पुढे जा. अभंग पहिल्यापासून सुरू करू नका, त्यानं चिडचिड वाढते. हल्ल्याचे व्हिडिओ दिवेलागणीनंतर बघणं पूर्ण बंद करा. पुढे तर पाठवूच नका, त्यात कुणाच्या तरी बापाचा शेवटचा क्षण असतो.

माझे दीर परराज्यात एका स्फोटात गेले. मृतदेह सीलबंद पेटीतून आला. आता सांगतात की त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण-नागबली केलाच पाहिजे, नाहीतर घराला दोष लागेल. एवढा खर्च झेपणारा नाही. सुतकाचे दिवस कुठून धरायचे यावरही घरात वाद झाला.
— एक वाचिका, वास्को

ताई, आधी ही भीती मनातून काढा. मारल्या गेलेल्या माणसामुळे घराला दोष लागत नाही. विधी करायचे ते त्याच्यासाठी, घाबरून नव्हे.

सुतक सपिंडांना, म्हणजे जवळच्या भाऊबंदांना, दहा दिवस. बातमी उशिरा, पण दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेलेच दिवस धरतात. आईवडिलांच्या बाबतीत मात्र मुलांना बातमी कळल्यापासून पूर्ण दहा. घोळ होतो तो क्रियेच्या दिवसांचा, कारण अग्नी दिल्याशिवाय पिंडांची क्रिया सुरू होत नाही, आणि शवचिकित्सा, ओळख, विमान यांत तीन-चार दिवस सहज जातात. भटजींना मृत्यूची आणि दहनाची, दोन्ही तारखा वेळेसकट कागदावर लिहून द्या. निम्मे वाद तिथेच मिटतील.

असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी पेटीबद्दलही लिहून ठेवतो. विमानानं आणलेल्या देहावर रसायनांची प्रक्रिया केलेली असते आणि पेटीला आतून धातूचं अस्तर असू शकतं. ती घरात उघडू नये. वास डोळ्यांना झोंबतो, आणि देहाची अवस्था घरातल्या बायका-मुलांनी बघण्यासारखी असेलच असं नाही. शवागारातल्या किंवा स्मशानातल्या जाणत्या माणसांकडून मोकळ्या जागी उघडून घ्यावी. धातूची पेटी चितेवर चढत नाही, हे आधी ठाऊक नसलं तर ऐनवेळी स्मशानात धावाधाव होते. देहाला स्नान घालणं शक्य नसेल तर वरून पाणी शिंपडावं, तुळशीपत्र मुखात ठेवता येत नसेल तर छातीवर ठेवावं. तेवढं पुरतं.

नारायणबली हा दुर्मरणासाठी सांगितलेला विधी. शस्त्र, आग, अपघात यांनी आलेलं मरण परंपरेत दुर्मरणात धरतात, म्हणून तो करायला सांगितला तर त्यात चूक नाही. ब्रह्मा, विष्णू, रुद्र, यम आणि प्रेत अशा पाच देवतांचे पाच कलश मांडून पूजा, नंतर पिंड, असा त्याचा गाभा आहे. अकराव्या किंवा बाराव्या दिवशी, नाहीतर पुढे एखाद्या शुद्ध एकादशीला करतात. विष्णूची प्रतिमा सोन्याची सांगितली आहे, पण ऐपतीप्रमाणे गुंजभर सोनंही चालतं. नागबली हा वेगळाच विधी, सर्पहत्येच्या दोषासाठीचा. त्र्यंबकेश्वरला दोन्ही जोडून तीन दिवसांत करतात म्हणून नाव जोडून आलं आहे. तुमच्या दिरांच्या बाबतीत नागबलीला काही कारण दिसत नाही. नारायणबली गोव्यातही होतो. उत्तरक्रियेसाठी हरवळ्याला रुद्रेश्वराकडे लोक पिढ्यान् पिढ्या जात आले आहेत. तुमच्या पुरोहितांना तिथे किंवा जवळच्या नदीवर करायची विनंती करा.

देह मिळालाच नाही तर पालाशविधी आहे : पळसाच्या ३६० पानांच्या देठांची आकृती करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून तिला अग्नी देतात. पळस न मिळाल्यास दर्भ घेतात.

पुढे दर वर्षी म्हाळाच्या पंधरवड्यात, म्हणजे पितृपक्षात, एक तिथी ध्यानात ठेवा, भाद्रपद वद्य चतुर्दशी. पंचांगात तिला शस्त्रादिहत श्राद्ध म्हणतात. शस्त्रानं, अपघातानं गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी होतं, मृत्यूची तिथी कुठलीही असो.

एक गोष्ट विधींतली नाही, पण दहाव्याच्या गडबडीत हमखास राहून जाते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते, गोव्यात नाही, आणि तिची मुदत २१ दिवसांची आहे. दाखल्याच्या निदान दहा प्रती घ्या. दहशतवादी हिंसेत गेलेल्या नागरिकांच्या वारसांसाठी केंद्र सरकारची मदत योजना आहे, चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. घरातल्या एकानं क्रियेला बसावं आणि दुसऱ्यानं फाईल सांभाळावी.

समाचाराला गेलो होतो. एक गृहस्थ विधवेसमोरच म्हणाले, "पूर्वजन्मीचं देणं होतं, फिटलं." शास्त्र असंच सांगतं का?
— एक वाचक, मडगाव

नाही. 'गहना कर्मणो गतिः' असं खुद्द भगवंत म्हणतात (४.१७). जी गती गहन आहे तिचा हिशेब समाचाराला आलेल्या माणसाला कुठून कळणार? कर्मसिद्धांत स्वतःच्या वागण्याला लावायचा असतो. दुसऱ्याच्या मढ्याशेजारी तो बोलला की मारणाऱ्याचा गुन्हा हलका होतो आणि मेलेल्याच्या माथी दोष येतो. हे अज्ञान आहे आणि क्रूरपणाही आहे.

अशा घरी गेल्यावर कमी बोला. चूल पेटलेली नसते, तेव्हा उकड्या तांदळाची पेज मीठ घालून घेऊन जा आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातात वाटी द्या. रडून रडून अंगातलं पाणी गेलेलं असतं. गेलेल्याचं नाव घेऊन एखादी चांगली आठवण सांगा. सगळे तेराव्यापर्यंत येतात, नंतर कुणी येत नाही. दीड-दोन महिन्यांनी परत जा.

लईराईच्या दारात, तिच्याच जत्रेत माणसं मेली. देवीनं का वाचवलं नाही? मुलगी विचारते आणि मला तोंड उघडता येत नाही.
— एक आई, डिचोली

मुलीला खोटं उत्तर देऊ नका. "देवीला ती हवी होती" असं तर मुळीच म्हणू नका, मूल देवीलाच घाबरायला लागेल. 'न मे भक्तः प्रणश्यति', माझा भक्त नाश पावत नाही, हे गीतेतलं वचन आहे, पण शरीराला काही होणार नाही अशी ती हमी नव्हे. कृष्णाचा सख्खा भाचा अभिमन्यू सोळाव्या वर्षी गेला. खुद्द कृष्णानं पारध्याच्या बाणानं देह ठेवला. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात 'अन्न अन्न करितां मेली', असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्यानंतरही त्यांनी विठ्ठल सोडला नाही. विठ्ठलाशी भांडले मात्र कडकडून. तेवढी मुभा मुलीलाही द्या. देवीपुढे बसून "का गं असं केलंस?" असं तिनं विचारलं तर ती प्रार्थनाच आहे.

आणि माणसांनी करायचं ते देवीवर ढकलू नये. उतार, अरुंद वाट आणि समोरासमोरून येणारी गर्दी या तीन गोष्टी एकत्र आल्या की कुणी ढकललं नाही तरी माणसं पडतात. अशा गर्दीत बहुतेक जण तुडवले जाऊन नव्हे, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यानं जातात. म्हणून दोन्ही हात छातीसमोर घडी करून ठेवायचे, बरगड्यांना फुगायला जागा राहते. चप्पल, मोबाइल पडला तर वाकायचं नाही. उलट दिशेनं रेटायचं नाही, लोट थांबला की दर वेळी तिरकं थोडं थोडं कडेला सरकायचं. भिंतीला किंवा कठड्याला पाठ लावून उभं राहायचं नाही. मूल खांद्यावर, पोटाशी नव्हे. हे जत्रेला निघण्यापूर्वी घरी करून दाखवा.

समोर स्फोट झाला, कुणी रक्तात पडलं, तर भक्तानं आधी काय करावं? गंगाजल, नाम की मदत?
— एक विद्यार्थी, ताळगाव

मदत, आणि ती करताना तोंडानं नाम. दुसऱ्या स्फोटाचा धोका असतो, म्हणून चालू शकणाऱ्यांना आधी तिथून लांब न्यायचं. ११२ किंवा १०८ लावायचा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दोन्ही तळव्यांनी जोर देऊन दाबायचं आणि उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टा करकचून आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. जखमेत रुतलेला तुकडा ओढायचा नाही. तोंडात पाणी, अगदी गंगेचंही, घालायचं नाही. पुढे शस्त्रक्रिया असते, आणि शुद्ध हरपलेल्याच्या फुप्फुसात पाणी जातं.

आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाला मृतांसाठी भजन करायचं आहे. काय गावं, किती वेळ, काय टाळावं?
— भजनी मंडळ, सांगे

गोव्यात हे नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्कोत साथीनं माणसं मरू लागली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून चोवीस तासांचं अखंड भजन केलं. तोच आजचा वास्कोचा सप्ताह. मरणाची भीती एकट्यानं घरात कोंडून न घेता सगळ्यांनी मिळून देवापुढे ओतायची, ही आपली जुनी रीत.

दीड तास पुरे. 'जय जय राम कृष्ण हरी'चा गजर दहा मिनिटं, ठाय म्हणजे संथ लयीत. मग 'रूप पाहतां लोचनीं', नंतर नामाचे दोन अभंग, एक वैराग्यपर आणि शेवटी पसायदान. गवळण या दिवशी नको. पखवाजवाल्याला आधीच सांगून ठेवा, चढत्या लयीत टाळ्या मिळतात म्हणून हात धावतो आणि शोकाचं भजन स्पर्धेचं होऊन बसतं. पसायदानाआधी टाळ खाली ठेवून मृतांची नावं गावासकट, सावकाश वाचा. सगळी वाचा, घोडेवाल्याचंही. आदल्या दिवशी उच्चार तपासून घ्या. मग दोन मिनिटं शांतता.

'जे खळांची व्यंकटी सांडो', दुष्टांचा दुष्टपणा सुटो, असं पसायदानात म्हणून झाल्यावर लगेच कुणाच्या मुर्दाबादच्या घोषणा झाल्या तर ते मागणं आपण तिथेच परत घेतलं. भाषण ठेवू नका, निवडणुकीतल्या माणसाला बसायला जागा द्या, माईक नको. शेजारची ख्रिस्ती, मुसलमान कुटुंबं घरी जाऊन बोलवा. पेटी फिरवायची असेल तर पैसे कुणाला जाणार ते आधी सांगा आणि नंतर हिशेब देवळाच्या फलकावर लावा. ध्वनिक्षेपक रात्री दहाच्या आत बंद.

वय ७४. अंतकाळी नाम आलं तर गती, असं ऐकत आलो. पण गोळीनं, स्फोटानं, झोपेत गेलेल्यांना नाम घ्यायला वेळच कुठे मिळतो? त्यांचं काय, आणि मी काय तयारी करू?
— एक ज्येष्ठ वाचक, काणकोण

आजोबा, हा प्रश्न पूर्वीही पडलेला आहे. वराहपुराणात भगवंताचं वचन आहे : शरीरातले धातू सम असताना, म्हणजे प्रकृती ठीक असताना, मन स्वस्थ असताना ज्यानं मला आठवलं, तो मरताना लाकडा-दगडासारखा निश्चेष्ट पडला तरी 'अहं स्मरामि मद्भक्तम्', मी त्याची आठवण ठेवतो आणि त्याला परम गतीला नेतो. म्हणजे शेवटच्या क्षणाचं ओझं भक्तावर नाही. गीतेतही 'अन्तकाले' म्हटल्यावर दोनच श्लोकांनी 'तस्मात्सर्वेषु कालेषु मामनुस्मर युध्य च' आहे (८.७). आठवण सगळ्या वेळी, आणि हातातलं काम चालू ठेवून.

तयारी लहान ठेवा म्हणजे टिकेल. एकच नाम निवडा, बदलू नका. झोपताना दिवा मालवल्यावर डाव्या कुशीवर वळून, श्वास सोडताना एक नाम, झोप लागेपर्यंत. मोजू नका, मोजताना जाग येते. सकाळी पंधरावा अध्याय, वीसच श्लोक आहेत, पाच-सहा मिनिटं लागतात. विष्णुसहस्रनामाला अर्धा तास धरा. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी ते युधिष्ठिराला सांगितलं, म्हणून आजारपणात ऐकायला ते विशेष जवळचं वाटतं. दृष्टी किंवा दम कमी पडत असेल तर एकादशीला सहस्रनाम आणि एरवी फक्त नाम.

घरच्यांना आताच सांगून ठेवा : अतिदक्षता विभागात असेन तर डॉक्टरांना विचारून कानाशी हळू आवाजात नाम घ्या, मोबाइलवर मोठ्यानं काही लावू नका. तीर्थ कापसाच्या बोळ्यानं ओठांना लावा, घशात ओतू नका. शेवटच्या तासांत गिळण्याची ताकद नसते आणि प्रेमानं दिलेलं चमचाभर पाणी श्वासात अडकतं. नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं. त्यानं विधीला बाध येत नाही.

राहिलं मृत्युपत्र. गोव्याच्या वारसा कायद्यात अर्धा हिस्सा मुलाबाळांसाठी राखीव असतो आणि उरलेल्या अर्ध्याचीच वाट तुम्हाला मृत्युपत्रानं लावता येते. ही गोष्ट माहीत नसल्यानं घरच्या कागदावर लिहिलेल्या इच्छा पुढे भांडणाला कारण होतात. उपनिबंधक कार्यालयातल्या विशेष नोटरीपुढे साक्षीदारांसमक्ष ते करून घ्या, आणि प्रत कुठल्या कपाटात आहे ते निदान दोघांना सांगून ठेवा.